हिट पॉइंट म्हणजे दम : घरचे नियम कसे बसवावेत

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी सतरंजी पडते, मधे भडंगाचं ताट येतं आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे फासे निघतात. या खेळात प्रत्येकजण एक पात्र होऊन गोष्ट खेळतो. अशाच एका रविवारी माझी नववीतली भाची पहिल्यांदा खेळायला बसली. जादूगारीण बनवायला तिनं दोन तास घेतले. नाव, गाव, आजीकडून आलेली पोथी, सगळं वहीत नीट लिहून काढलं. खेळ सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील, ओगर नावाच्या राक्षसानं सोटा हाणला आणि तिची जादूगारीण मेली. बेशुद्ध पडली नाही, थेट मेली.

डीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम चालवणारा, मी होतो आणि नियम मी पुस्तकाप्रमाणेच लावला होता. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत तुमचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची शिल्लक, शून्यावर आल्यावर उरलेला मार तुमच्या कमाल हिट पॉइंटइतका किंवा त्याहून जास्त असेल, तर जागच्या जागी मरण येतं. तिचे हिट पॉइंट ७. म्हणजे एका फटक्यात १४ मार बसला की संपलं. ओगरचा मार म्हणजे आठाचे, म्हणजे आठ बाजूंचे, दोन फासे अधिक ४. फाशांच्या ६४ जोड्यांपैकी २८ जोड्यांत हा आकडा १४ किंवा वर जातो. सोटा लागलाच, तर पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला जागीच मरण येण्याची शक्यता जवळजवळ ४४ टक्के. हे गणित मी त्या रात्री मांडलं. आधी मांडलं असतं तर ओगर त्या गुहेत नसता.

तेव्हापासून आम्ही हिट पॉइंटचे नियम एकेक करून तपासले. काही बदलले, काही बदलून पुन्हा जुन्यावर आलो. तुमच्या टेबलावर हे काम कसं करायचं ते इथे क्रमानं सांगतो. आकडे पाचव्या आवृत्तीचे आहेत. २०१४ आणि २०२४ च्या पुस्तकांत जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

पायरी पहिली : तक्रार नेमकी काय आहे?

‘हिट पॉइंट बरोबर नाहीत’ असं सगळेच म्हणतात, पण प्रत्येकाच्या मनात वेगळं दुखणं असतं. सेशन संपल्यावर प्रत्येकाला एक वाक्य लिहायला सांगा. आमच्याकडे पाच चिठ्ठ्यांत चार वेगवेगळ्या तक्रारी निघाल्या: सुरुवातीला मरण फार स्वस्त आहे, लेव्हल वाढताना फासा वाईट पडला तर ते नुकसान कायमचं गळ्यात पडतं, पडलेला माणूस एका मंत्रानं उठतो, पुन्हा पडतो, पुन्हा उठतो, आणि रात्री झोपलं की भोसकलेलं पोटसुद्धा सकाळी ठणठणीत. या चारही दुखण्यांना चार वेगळी औषधं लागतात. पहिल्या तक्रारीवरचा उपाय तिसरी वाढवतो, हे लक्षात ठेवा. सगळ्यांचे हिट पॉइंट सरसकट दुप्पट करून टाकणारे डीएम मी पाहिलेत. त्यांच्याकडे मरण कमी झालं खरं, पण एकेक लढाई दीड तास चालायला लागली.

पायरी दुसरी : हिट पॉइंटला तुमच्या भाषेतला शब्द द्या

ही पायरी वगळू नका, सगळा लेख तिच्यावर उभा आहे.

खेळ १९७४ साली छापला गेला. डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स हे त्याचे दोन कर्ते. हिट पॉइंटची कल्पना आर्नेसननं आपल्या आधीच्या खेळातून उचलली होती, आणि तो होता अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांचा. जहाजाला ही कल्पना चपखल बसते: गोळे खात खात ते तरंगत राहतं आणि शेवटी बुडतं. माणसाला ती तशीच बसत नाही. दहा वेळा तलवार लागूनही माणूस ताजातवाना लढतो, हे पटायला जड जातं. गायगॅक्सनं १९७९ च्या डीएमच्या पुस्तकात याचा खुलासा केला, की हिट पॉइंट म्हणजे फक्त अंगाची जखम नव्हे. त्यात कसब, नशीब, तग धरण्याची ताकद हे सगळं आलं.

हा खुलासा इंग्रजीत वाचून आमच्या पोरांच्या डोक्यात शिरत नव्हता. शिरला तो तालमीच्या भाषेत. हा हिंदकेसरी मारुती माने यांचा जिल्हा, कुस्तीचा फड बघितला नाही असा माणूस इथे विरळा. फडात पैलवान वीस मिनिटं झुंजतो, पट काढतो, धोबीपछाड चुकवतो. त्या वीस मिनिटांत त्याला जखम होत नाही, पण त्याचा दम जात असतो. दम संपला की जो डाव पहिल्या मिनिटाला सहज चुकवला असता, त्याच डावावर तो चितपट होतो. हिट पॉइंट म्हणजे तो दम.

आमच्या कागदावर आता ‘एचपी’च्या जागी ‘दम’ लिहिलेलं असतं. शब्द बदलल्यावर वर्णनही बदललं. ‘तुला ९ लागले, खांद्यातून रक्त’ याऐवजी ‘कुऱ्हाड ढालीवर घेतलीस, पण हात कोपरापर्यंत झिणझिणला, ९ दम गेला.’ रात्रभर झोपून दम परत येतो, हेही मग खटकत नाही. चौथी तक्रार आमच्याकडे निम्मी इथेच मिटली, एकही नियम न बदलता.

पायरी तिसरी : पहिली लेव्हल

नियमानं पहिल्या लेव्हलला फाशाचा सर्वांत मोठा आकडा मिळतो, त्यात कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे पात्राच्या काटकपणाचा, बोनस मिळवायचा. जादूगाराला सहाचा फासा, योद्ध्याला दहाचा, बार्बेरियनला बाराचा.

पुष्कळ टेबलांवर कॉन्स्टिट्यूशनचा पूर्ण आकडा त्यात मिळवतात. आमची जादूगारीण त्या हिशेबानं ७ वरून १९ वर गेली. गॉब्लिन नावाच्या बुटक्या शत्रूचा फटका सरासरी साडेपाचाचा, म्हणजे आधी जी दोन फटक्यांत आडवी व्हायची ती आता चार फटके खाते. दोन सेशन आम्ही असं खेळलो. गॉब्लिन दिसले की पोरं सरळ धावून जायला लागली. लपून बसणं, दगड फेकून लक्ष दुसरीकडे नेणं, बोलून सुटणं, हे सगळं बंद पडलं. मी तो नियम काढला.

आता आम्ही वापरतो तो नियम उसनवारीचा. दुसऱ्या लेव्हलला मिळणारा दम पहिल्याच लेव्हलला उचल म्हणून द्यायचा आणि दुसरी लेव्हल आली की दम वाढवायचा नाही. जादूगाराचे ७ अधिक ५, म्हणजे १२. दुसऱ्या लेव्हललाही १२. तिसरीपासून पुस्तकाप्रमाणे. योद्धा, कॉन्स्टिट्यूशनचा बोनस २ धरून, १२ वरून २० वर जातो आणि तिथेच थांबतो. यात कायमची महागाई येत नाही, आणि मला तो सर्वांत आवडतो तो याचसाठी. शिवाय १२ दम असेल तर जागीच मारायला एका फटक्यात २४ लागतात. ओगरचा साधा फटका फार तर २० चा. क्रिटिकल, म्हणजे माराचे फासे दुप्पट करणारा फटका, बसला तरच धोका, आणि तेवढा असावा.

पायरी चौथी : लेव्हल वाढताना

इथे फार रेंगाळायचं कारण नाही. पुस्तक दोन पर्याय देतं: फासा टाका किंवा ठरलेला आकडा घ्या. सहाच्या फाशाला ४, आठाच्या ५, दहाच्या ६, बाराच्या ७. बोनस २ असलेला योद्धा ठरलेला आकडा घेत पाचव्या लेव्हलला ४४ वर पोचतो. फासे टाकत गेला तर २४ पासून ६० पर्यंत कुठेही. एकाच पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, २४ चा योद्धा आणि ६० चा योद्धा शेजारी उभे असतील तर डीएमला दोघांनाही पुरेल अशी लढाई बसवता येत नाही.

नवख्यांना ठरलेला आकडाच घ्यायला सांगा. फासा टाकायची हौस असेल तर आमचा झाकपाक नियम करून बघा. खेळाडू उघड फासा टाकतो, डीएम वाटीखाली झाकून टाकतो. खेळाडू आपला आकडा ठेवू शकतो किंवा वाटीखालचा न बघता घेऊ शकतो. एकदा घेतला की परत नाही. दहाच्या फाशाची सरासरी साडेपाच असते. पाच किंवा खाली पडल्यावर वाटी निवडली तर ती पावणेसातावर येते. दोन फासे टाकून मोठा घ्यायचा नियम याहून उदार, ७.१५ चा. आकड्यांत फरक थोडा आहे, पण वाटी उचलताना सगळे पुढे झुकतात, तो क्षण दुसऱ्या नियमात मिळत नाही.

पायरी पाचवी : इशारा आणि धोका

सांगलीत पावसाळ्यात भेटलेला माणूस आधी विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. २००५ आणि २०१९ चा महापूर ज्यांनी घरात अनुभवला त्यांना या दोन आकड्यांचं मोल सांगावं लागत नाही. इशारा म्हणजे सामान माळ्यावर चढवायचं. धोका म्हणजे घर सोडायचं. पाणी उंबऱ्यात यायच्या आधी माणसाला काहीतरी करता यावं, म्हणून त्या पातळ्या आहेत.

हिट पॉइंटमध्ये नेमकी हीच गोष्ट नाही. ४४ दम असताना आणि १ दम असताना योद्धा सारख्याच ताकदीनं लढतो. मग एकदम शून्य. अलीकडे काही नाही, पलीकडे सगळं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीनं अर्ध्यावर ‘ब्लडीड’ नावाची एक खूण ठेवली होती, २०१४ ला ती गेली आणि २०२४ ला परत आली. आम्ही दोन खुणा ठेवतो. अर्धा दम म्हणजे इशारा, पाव दम म्हणजे धोका. ४४ वाल्याचा इशारा २२ ला, धोका ११ ला. दोन्ही आकडे कागदावर आधीच लिहून त्याभोवती गोल करायचा.

इशाऱ्याला तीन गोष्टी होतात. खेळाडूनं मोठ्यानं ‘इशारा’ म्हणायचं, म्हणजे इतरांना न विचारता कळतं. डीएम पहिल्यांदा रक्त वर्णन करतो. त्याआधी फक्त दम. आणि त्या लढाईत एकदा, पाळीतली जादा छोटी कृती म्हणजे बोनस अ‍ॅक्शन खर्चून, खेळाडू आपला एक हिट डाय (दर लेव्हलला एक मिळणारा, दम भरून काढायचा फासा) टाकून तेवढा दम धरू शकतो.

धोक्याला आम्ही आधी शिक्षा ठेवली होती: हल्ल्याच्या फाशातून २ वजा. कागदावर छान दिसली. टेबलावर असं झालं, की जो हरत होता तो आणखी हरायला लागला, आणि लढाईचा निकाल दुसऱ्याच फेरीत कळायला लागला. मिरजेहून येणारी आमची एक मैत्रीण, जी पेशानं शिक्षिका आहे, म्हणाली, ‘नापास होणाऱ्याला आणखी कठीण पेपर देता तुम्ही.’ पुढच्याच आठवड्यात तो नियम गेला.

आता धोका पातळीचा नियम मुख्यतः शत्रूसाठी आहे. शत्रू धोक्यावर आला आणि त्याला जिवाची पर्वा असेल, तर डीएम त्याच्यासाठी विस्डमचा सेव्ह, म्हणजे मन घट्ट राहतं का ते ठरवणारा विसाचा फासा, टाकतो, लक्ष्य १०. हुकला तर तो पळतो, शरण येतो किंवा तह मागतो. मुडदे, यंत्रं, वेडाचे भक्त यांना लागू नाही. या एका नियमानं आमच्या लढाया बऱ्याच आटोपशीर झाल्या. शिवाय पकडलेला गॉब्लिन बोलतो, वाट दाखवतो, खोटंही सांगतो. त्यातून पुढची दोन सेशन निघतात.

पायरी सहावी : शून्य आणि उठाबशा

आता सर्वांत अवघड जागा. नियम असा: शून्यावर पडलात की प्रत्येक पाळीला विसाचा फासा. १० किंवा वर म्हणजे यश, खाली म्हणजे अपयश. तीन यशं मिळाली की स्थिर, तीन अपयशं झाली की मरण. सरळ १ पडला तर दोन अपयशं, सरळ २० पडला तर १ दम घेऊन उठता. कुणी मदतीला आलं नाही आणि कुणी आणखी मारलंही नाही, तर जगण्याची शक्यता मी मांडली ती ५९.५ टक्के.

पण व्यवहारात हे तीन फासे कुणी टाकतच नाही. ‘हीलिंग वर्ड’ हा मंत्र बोनस अ‍ॅक्शनमध्ये लांबून टाकता येतो. २०१४ मध्ये त्यातून चाराचा एक फासा अधिक बोनस इतका दम मिळायचा, २०२४ मध्ये दोन फाशांचा. पडलेला योद्धा त्यावर उठतो आणि पूर्ण ताकदीनं वार करतो. पुन्हा पडतो. पुन्हा उठतो. वर अपयशाच्या खुणा उठल्याबरोबर पुसल्या जातात. आमच्या एका लढाईत योद्ध्यानं अशा चार उठाबशा काढल्या. पडायच्या आधी बरं करण्यापेक्षा पडू देऊन बरं करणं स्वस्त, हे पोरांनी हेरलं होतं. शून्याखालचा मार जागीच मारण्याइतका नसेल तर सगळा फुकट जातो, म्हणून ते खरंही आहे. ज्या नियमात सोबत्याला पडू देणं हा शहाणपणा ठरतो, तो नियम मला टेबलावर नको.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे शून्यावर गेलं की एक लेव्हल एक्झॉशन, म्हणजे थकवा. २०१४ चं पुस्तक वापरत असाल तर जपून. तिथे तिसऱ्या पायरीला हल्ले आणि सेव्ह दोन्हींवर, दोन फाशांतला लहान आकडा घ्यायचा, असा डिसअ‍ॅडव्हांटेज येतो, चौथीला कमाल दम अर्धा होतो, सहावीला मरण. आणि एका लाँग रेस्टनं, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीनं, फक्त एक पायरी उतरते. तीनदा पडलेला माणूस पुढचं सेशनभर नुसता बसून राहतो. २०२४ मध्ये प्रत्येक पायरीला विसाच्या फाशातून २ वजा आणि चालण्याचा वेग ५ फुटांनी कमी, इतकंच आहे; सहावीला मरण मात्र तिथेही आहे. त्या पुस्तकावर हा उपाय चांगला बसतो.

आमचा नियम याहून साधा आहे: अपयशाच्या खुणा लाँग रेस्टपर्यंत पुसायच्या नाहीत. यशाच्या पुसायच्या, अपयशाच्या राहू द्यायच्या. सरळ २० पडला तरी खुणा राहतात. गणित बघा. एकही खूण नसेल तर जगण्याची शक्यता सुमारे ६० टक्के. एक खूण असताना पडलात तर ४२. दोन असताना पडलात तर २१. उठल्यावर लढायची ताकद तीच, फासे तेच, एक आकडासुद्धा वजा नाही. फक्त पुढचं पडणं महाग होत जातं. दोन खुणा असलेला योद्धा आता स्वतःहून मागे सरकतो आणि ढालवाला त्याच्यापुढे येतो. वैदूबाई इशारा ऐकल्यावरच मंत्र टाकते, पडेपर्यंत थांबत नाही.

हा नियम लावण्याआधी एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगा: पडलेल्याजवळ उभं राहून मारलेला फटका लागला तर तो क्रिटिकल धरला जातो आणि दोन अपयशं देतो. खुणा टिकणार असतील तर असा एक फटका फार भारी पडतो. म्हणून आम्ही ठरवलंय, की दुसरा शत्रू अंगावर उभा असताना कुणीही पडलेल्याला मारत बसत नाही. भुकेलं जनावर आणि सूड घ्यायला आलेला, हे दोन अपवाद. सरबताची बाटली, म्हणजे हीलिंग पोशन, स्वतः पिणं बोनस अ‍ॅक्शनमध्ये होतं. २०२४ मध्ये हा पुस्तकातलाच नियम आहे, २०१४ वाल्यांनी खुशाल उचलावा.

पायरी सातवी : विश्रांती

२०१४ च्या डीएमच्या पुस्तकात विश्रांतीचा कडक पर्याय आहे: शॉर्ट रेस्ट, म्हणजे मधली छोटी विश्रांती, ८ तासांचा, लाँग रेस्ट ७ दिवसांचा. जमिनीवरच्या, राजकारणाच्या, लांब प्रवासाच्या कथेला तो उत्तम. पण मंत्रवाल्यांना तो जाचतो. आठ तास टिकणारा मंत्र पूर्वी मोहिमेचा दिवस पुरायचा, आता आठवड्यातला एक दिवसच पुरतो. टेबलावर दोन-तीन मंत्रवाले असतील तर त्यांना आधी विचारा.

त्याच पुस्तकातला सौम्य पर्याय आम्ही घेतला. लाँग रेस्टनं दम आपोआप भरत नाही. झोपून उठल्यावर हिट डाइस टाकून भरायचा, आणि निम्मे हिट डाइस परत मिळतात. २०२४ मध्ये लाँग रेस्टनं सगळे हिट डाइस परत येतात, तिथे तुम्ही मुद्दाम निम्म्यावर आणा, नाहीतर नियमाचा उपयोग राहणार नाही. इशाऱ्याच्या वेळी दम धरायला खर्च होणारा हिट डायही याच साठ्यातून जातो. त्यामुळे आज खर्च करू की उद्यासाठी ठेवू, हा प्रश्न खरोखर पडतो.

हिट डाइस मोजायला आम्ही तासगावचे बेदाणे वापरतो. पाचव्या लेव्हलला पाच बेदाणे पुढ्यात. एक हिट डाय टाकला की एक बेदाणा खायचा. कागदावर खोडाखोड होत नाही, आणि कुणाकडे किती उरलेत ते सतरंजीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं.

पायरी आठवी : राक्षसांचा दम

छापलेला आकडा हा सरासरीचा असतो. २०१४ च्या ओगरचे ५९ म्हणजे दहाचे सात फासे अधिक २१; म्हणजे पुस्तकाच्या हिशेबानंच तो २८ पासून ९१ पर्यंत कितीचाही असू शकतो. लढाई लांबत असेल तर दम पाऊण करा आणि मार थोडा वाढवा: ५९ चे ४४, मार सरासरी १३ चा १६. मात्र हे सेशनआधी ठरवून लिहा. लढाई चालू असताना खेळाडूंच्या नकळत राक्षसाचा दम वाढवणं किंवा उतरवणं मला मान्य नाही. पोरं बेदाणे मोजून निर्णय घेतात. समोरचा आकडा माझ्या लहरीवर हलत असेल तर त्यांच्या मोजण्याला अर्थ राहत नाही.

पायरी नववी : नियम लावायचा कसा

एका वेळी एकच नियम बदला. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहा, तीन सेशन खेळा, मग मत घ्या. डीएमचं मत एकच धरायचं. मध्येच नियम लागू झाला तर चालू कॅरेक्टरचं नुकसान होणार नाही असं बघा: उसनवारीचा नियम दुसऱ्या लेव्हलवर असलेल्याला लावायचा नाही, खुणांचा नियम पुढच्या लाँग रेस्टनंतर सुरू करायचा. काढलेले नियमही खोडू नका, त्यांच्यापुढे कारण लिहा. धोका पातळीचा ‘२ वजा’ आमच्या वहीत अजून आहे, आणि शेजारी आमच्या शिक्षिकेचं वाक्य.

हे नियम बसल्यावर भाचीनं नवी जादूगारीण आणली, पहिलीची धाकटी बहीण. १२ दम, इशारा ६ ला, धोका ३ ला, दोन्ही गोल लाल पेनानं. तोच ओगर त्याच गुहेत होता. सोट्याचा पहिला फटका ९ चा बसला आणि तिनं इशारा आणि धोका दोन्ही एका दमात म्हटले. ढालवाला मधे आला, तिनं बेदाणा खाल्ला आणि दगडामागून मंत्र टाकला. १४ दमावर धोक्यात आलेल्या ओगरचा सेव्ह हुकला. सोटा टाकून तो गुहेच्या मागच्या तोंडानं पळाला, आणि पोथी कुणाकडे आहे ते विचारायला पार्टी त्याच्या मागावर निघाली.